सामने उरले, संधी उरली का?

ऑगस्ट महिना संपत आला की अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींमध्ये एक ठरावीक वाद रंगू लागतो. न्हाव्याच्या दुकानात, कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीत, रेडिओवर दूरध्वनी करून, जिथे जमेल तिथे माणसे आपापल्या संघाच्या भवितव्याबद्दल भांडतात. एखादा आशावादी म्हणतो, "अजून सत्तावीस सामने आहेत. सगळे जिंकले तर?" दुसरा म्हणतो, "सोड रे, या वर्षीचं संपलं." मग तिसरा मधे पडतो. त्याचे म्हणणे असे की वरचे संघ आता आपापसांत खेळणार आहेत. ते एकमेकांना पाडतील आणि आपण हळूच वर येऊ!

ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. क्रिकेटच्या साखळी सामन्यांच्या शेवटी आपल्याकडेही हेच ऐकू येते. अमका हरला, तमका जिंकला, शिवाय पाऊस पडला नाही तर आपला संघ अजून पुढे जाऊ शकतो, असे हिशेब मुले मधल्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर मांडत असतात. गणिताच्या तासाला जांभया देणारी मुलेही त्यात असतात.

नीट पाहिले तर या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. पहिला, असे होऊ शकते का? दुसरा, असे होण्याचा संभव किती? आणि तिसरा, असे व्हावे असे आपल्याला किती वाटते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सिद्धतेने मिळते. दुसऱ्याचे उत्तर मोजून मिळते, पण त्यासाठी आधी काही गृहीत धरावे लागते. तिसऱ्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या मनात असते. वाद मिटत नाही, कारण एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, दुसरा दुसऱ्याचे आणि तिसरा तिसऱ्याचे. हे तीन धागे आपण बेसबॉलच्या खऱ्या उदाहरणांवरून सुटे करून पाहू.

आधी थोडे नियम

आपल्या हिशेबासाठी बेसबॉल कसा खेळतात हे ठाऊक असण्याची फारशी गरज नाही. इतके पुरे की व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो आणि सामन्याचा निकाल लागेपर्यंत खेळ चालू राहतो. म्हणजे प्रत्येक सामन्यात एक संघ जिंकतो व दुसरा हरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग आहेत. १९९६ साली प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग होते आणि विभागात ज्याचे विजय सर्वांत जास्त तो पहिला. दोन संघांचे विजय सारखे झाले तर पहिल्या क्रमांकासाठी त्यांच्यात एक जादा सामना होत असे. म्हणून त्या काळच्या हिशेबात बरोबरी झाली तरी आशा जिवंत राही. (२०२२ पासून हा जादा सामना बंद झाला आहे. आता बरोबरी झाल्यास आपापसांतील सामन्यांचे निकाल पाहतात.) विभागात पहिले न येताही पुढे जाण्याची एक वाट तेव्हा होती, पण आपण येथे फक्त पहिल्या क्रमांकाचा विचार करू.

एका दिवसाचा तक्ता

३० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकन लीगच्या पूर्व विभागाचा तक्ता असा होता :

| संघ | विजय | पराभव | शिल्लक सामने |
|---|---|---|---|
| न्यूयॉर्क | ७५ | ५९ | २८ |
| बाल्टिमोर | ७१ | ६३ | २८ |
| बोस्टन | ६९ | ६६ | २७ |
| टोरंटो | ६३ | ७२ | २७ |
| डेट्रॉईट | ४९ | ८६ | २७ |

डेट्रॉईटची अवस्था बिकट आहे हे सांगायला गणित नको. पण प्रश्न असा की डेट्रॉईट पहिले येणे अशक्य झाले आहे का? वर्तमानपत्रांतील नेहमीची रीत सोपी असते. आपले विजय अधिक आपले शिल्लक सामने, ही बेरीज पहिल्या संघाच्या आजच्या विजयांपेक्षा कमी भरली तर आपण बाद. डेट्रॉईटची बेरीज ४९ + २७ = ७६. न्यूयॉर्कचे विजय ७५. म्हणजे या रीतीने डेट्रॉईट अजून शर्यतीत आहे! उरलेले सर्व सत्तावीस सामने डेट्रॉईटने जिंकले आणि न्यूयॉर्कने अठ्ठावीसांपैकी फार तर एक जिंकला, तर दोघांचे ७६ विजय होतील.

हा तक्ता आम्ही एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिला. वर्गाचे लगेच दोन तट पडले. "होऊच शकत नाही," असे म्हणणाऱ्यांना कारण विचारले तेव्हा उत्तर आले, "एवढे वाईट खेळणारा संघ एकदम सत्तावीस सामने कसा जिंकेल?" हे कारण चांगले आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, पहिल्याचे नव्हे. सत्तावीस सामने ओळीने जिंकणे अवघड असेल, अशक्य नाही. "होऊ शकते," म्हणणारा तट मग खूश झाला. पण त्यांचेही चुकलेच होते.

साधी बेरीज कोठे फसते?

शिल्लक सामन्यांपैकी वरचे चार संघ आपापसांत किती खेळणार होते ते पाहू :

न्यूयॉर्क – बाल्टिमोर : ३
न्यूयॉर्क – बोस्टन : ८
न्यूयॉर्क – टोरंटो : ७
बाल्टिमोर – बोस्टन : २
बाल्टिमोर – टोरंटो : ७

एकूण २७. (बोस्टन आणि टोरंटो यांच्यात एकही सामना उरला नव्हता.)

आता आपण डेट्रॉईटला जेवढे झुकते माप देता येईल तेवढे देऊ. डेट्रॉईट सगळे सामने जिंकते. वरचे चारही संघ विभागाबाहेरच्या संघांशी होणारे आपले सर्व सामने हरतात. एवढे करूनही या २७ सामन्यांचे काय करायचे, हा प्रश्न राहतोच. ते कोणीतरी जिंकणारच. डेट्रॉईटला हवे असे की चौघांपैकी कोणाचेही विजय ७६ च्या वर जाऊ नयेत. जमते का पाहू.

न्यूयॉर्कला आता एकच विजय घेता येईल. बोस्टनशी त्याचे आठ सामने आहेत. ते आठही न्यूयॉर्क हरले तर बोस्टन ६९ + ८ = ७७ वर जाईल. म्हणून न्यूयॉर्कला आपला तो एकमेव विजय बोस्टनविरुद्धच खर्च करावा लागेल. मग बोस्टनचे होतील ७६. न्यूयॉर्कचेही ७६. दोघांचेही भांडे भरले, आता दोघांनी पुढचे सगळे हरले पाहिजेत.

बोस्टन हरले म्हणजे बाल्टिमोरला २ विजय मिळाले. न्यूयॉर्क हरले म्हणून बाल्टिमोरला आणखी ३. बाल्टिमोर ७१ + ५ = ७६. त्याचेही भांडे भरले. म्हणजे टोरंटोशी होणारे सातही सामने बाल्टिमोरने हरले पाहिजेत.

आणि टोरंटो? न्यूयॉर्ककडून ७, बाल्टिमोरकडून ७ आणि आधीचे ६३. एकूण ७७!

एका विजयासाठी सारे फसले. काहीही करा, कोणतेही निकाल कल्पा, चौघांपैकी एकाचे तरी विजय ७७ होणारच. म्हणजे सत्तावीस सामने शिल्लक असताना, वर्तमानपत्री हिशेबाने आशा जिवंत असताना, डेट्रॉईट त्या दिवशी पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीतून निश्चितपणे बाद झालेले होते. फळ्यावर शेवटचा ७७ हा आकडा लिहिला तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली. संघ वाईट खेळतो म्हणून बाद नव्हे, तर दुसऱ्यांच्या वेळापत्रकामुळे बाद, हे मुलांना अनपेक्षित होते.

चार बादल्या

हाच युक्तिवाद अधिक सोप्या रूपात मांडता येतो. प्रत्येक संघाची एक बादली कल्पू या. डेट्रॉईटच्या ७६ ला न ओलांडता त्या संघाला आणखी किती विजय घेता येतील, ती त्या बादलीतील रिकामी जागा. न्यूयॉर्कची १, बाल्टिमोरची ५, बोस्टनची ७, टोरंटोची १३. एकूण जागा २६. आणि ओतायचे विजय किती? २७. सव्वीस लिटरच्या भांड्यांत सत्तावीस लिटर पाणी मावणार कसे?

किंवा सरासरीच्या भाषेत सांगायचे तर चौघांचे आजचे विजय ७५ + ७१ + ६९ + ६३ = २७८. त्यांत आपापसांतील २७ मिळवा, ३०५ झाले. ३०५ भागिले ४ म्हणजे ७६.२५. चार संघांची सरासरी ७६.२५ असेल, तर त्यांतला एक तरी ७७ वर असलाच पाहिजे, कारण पाव सामना कोणी जिंकत नाही.

सुरुवातीच्या तिसऱ्या चाहत्याचे म्हणणे आता तपासू. "ते एकमेकांना पाडतील आणि आपण वर येऊ." प्रत्येक सामन्यात कोणीतरी पडते हे खरे, पण त्याच सामन्यात कोणीतरी एक पायरी चढते हेही तितकेच खरे. प्रतिस्पर्धी आपापसांत जितके जास्त खेळतील तितके जास्त विजय त्यांच्याच घरात राहतात. तळाच्या संघाच्या दृष्टीने ही दिलासा देणारी नव्हे, काळजीची गोष्ट आहे. ते सगळे बाहेरच्यांशी खेळून हरले असते, तर डेट्रॉईटला आणखी काही दिवस श्वास घेता आला असता.

बेरीज पुरली तरी अडते

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बादल्यांतील एकूण जागा पुरेशी असली म्हणजे काम झाले, असे नाही. समजा तीन प्रतिस्पर्ध्यांच्या बादल्यांत १, १ आणि २० अशी जागा आहे. पहिल्या दोघांत तीन सामने उरले आहेत, बाकी काही नाही. जागा २२ आणि विजय अवघे ३. तरीही अडचण आहे, कारण ते तीन विजय तिसऱ्या बादलीत ओतताच येत नाहीत. पहिल्या दोघांतील सामना त्या दोघांपैकीच कोणीतरी जिंकणार, आणि त्यांच्याकडे जागा दोनच.

म्हणून संघांचा प्रत्येक गट तपासावा लागतो : कोणतेही दोन, कोणतेही तीन, शेवटी सगळे. चार प्रतिस्पर्धी असतील तर असे ११ गट होतात, ते हाताने तपासता येतात. पाच असतील तर २६. पंधरा असतील तर बत्तीस हजारांहून अधिक! इथे हात टेकावे लागतात.

यातून वाट निघाली ती नळांच्या जाळ्यातून. एका टाकीतून पाणी निघते. पहिल्या टप्प्यावर प्रत्येक जोडीसाठी एक नळ, त्याची क्षमता त्या जोडीतील शिल्लक सामन्यांइतकी. प्रत्येक जोडीपासून तिच्या दोन संघांकडे दोन नळ. प्रत्येक संघापासून खालच्या हौदाकडे एक नळ, त्याची क्षमता बादलीतील रिकाम्या जागेइतकी. आता प्रश्न एवढाच राहतो की वरून सोडलेले सर्व पाणी हौदापर्यंत पोचते का? पोचले तर आपल्या संघाला संधी आहे. कुठे तुंबले तर संघ बाद.

जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकतो, हा प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेत फोर्ड आणि फल्कर्सन या दोन गणितज्ञांनी सोडवला होता. त्यांच्यापुढे मूळ प्रश्न आला तो रेल्वेच्या जाळ्यातून जास्तीत जास्त माल कसा नेता येईल असा. बेसबॉलचा प्रश्न याच साच्यात बसतो हे १९६६ साली श्वार्ट्झ यांनी दाखवून दिले. मालगाड्यांसाठी केलेले गणित असे चाहत्यांच्या वादात कामी आले.

फोर्ड आणि फल्कर्सन यांच्या प्रमेयातून आणखी एक सुंदर गोष्ट मिळते. पाणी तुंबले, तर ते कोणत्या संघांच्या गटामुळे तुंबले हे नेमके दाखवता येते. म्हणजे गणकयंत्राने एखादा संघ बाद ठरवला, तर "यंत्र म्हणते म्हणून" असे सांगायची वेळ येत नाही. ज्या गटाची सरासरी आपल्या संघाच्या आवाक्याबाहेर गेली तो गट शोधून काढता येतो, आणि कोणाही चाहत्याला तो कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतो. सिद्धता म्हणतात ती हीच.

शक्य आहे, पण संभव किती?

आता दुसरा धागा. अशक्य काय हे कळले. पण जे अशक्य नाही, ते सारखेच संभवनीय असते का? मुलांच्या बोलण्यात, आणि मोठ्यांच्याही, "होऊ शकते" पासून "होईल" पर्यंतची उडी फार सहज मारली जाते. याचे उत्तम उदाहरण १९६४ सालच्या नॅशनल लीगमध्ये सापडते. तेव्हा विभाग नव्हते (ते १९६९ मध्ये आले), दहा संघांची एकच शर्यत होती.

२० सप्टेंबरच्या रात्री फिलाडेल्फियाचे ९० विजय व ६० पराभव होते. सेंट लुईस आणि सिनसिनाटी दोघांचेही ८३ विजय व ६६ पराभव. फिलाडेल्फियाचे बारा सामने उरले होते, बाकी दोघांचे तेरा. बेसबॉलच्या भाषेत फिलाडेल्फिया साडेसहा सामन्यांनी पुढे होते. विजयांतील फरक ७ आणि पराभवांतील फरक ६ यांची सरासरी काढली की साडेसहा येतात.

आता गुण असे मोजू. फिलाडेल्फिया जिंकले की एक गुण, सेंट लुईस हरले की एक गुण. असे सात गुण झाले की सेंट लुईसला फिलाडेल्फियाला गाठणे अशक्य. अमेरिकन चाहते याला जादूचा आकडा म्हणतात. त्यात जादू काही नाही : १६३ मधून ९० आणि ६६ वजा केले की ७ उरतात.

फिलाडेल्फियाचे १२ आणि सेंट लुईसचे १३, असे मिळून २५ निकाल यायचे होते. त्यांतून फक्त सात अनुकूल हवे होते. प्रत्येक निकाल म्हणजे छापा-काटा असे मानले तर पंचवीस फेकींत पाच किंवा त्याहून कमी छापे पडले तरच सेंट लुईस एकटे पुढे जाणार. पास्कलच्या त्रिकोणावरून हे मोजता येते. असे होण्याचा संभव सुमारे ४९० मध्ये एक येतो.

पण थांबा. त्या पंचविसांत तीन सामने फिलाडेल्फिया विरुद्ध सेंट लुईस असेच होते. असा सामना फिलाडेल्फियाने जिंकला तर एकदम दोन गुण, हरला तर शून्य. म्हणजे खरे सामने २२ : एकेका गुणाचे १९ आणि दोन गुणांचे ३. पुन्हा मोजू. दोन गुणांचे तीनही सामने फिलाडेल्फिया हरण्याचा संभव आठांत एक, आणि तेव्हा बाकीच्या १९ फेकींत पाचपर्यंत छापे चालतील. तिघांतील एक सामना जिंकण्याचा संभव आठांत तीन, तेव्हा तीनपर्यंत चालतील. दोन जिंकण्याचाही आठांत तीन, तेव्हा एकपर्यंत. सर्व मिळून उत्तर येते सुमारे २०८ मध्ये एक.

४९० वरून २०८! समोरासमोरच्या तीन सामन्यांनी सेंट लुईसची आशा दुपटीहून अधिक वाढवली. "आपण अजून त्यांच्याशी खेळणार आहोत," असे म्हणणारा चाहता काही अगदीच भाबडा नव्हता. पाठलाग करणाऱ्या संघाला समोरासमोरचे सामने हवे असतात, कारण त्यांत चढ-उतार मोठे होतात. ज्या वेळापत्रकाने तळाच्या डेट्रॉईटला बाद केले, तसेच वेळापत्रक दुसऱ्या क्रमांकावरील संघाला हात देते.

प्रत्यक्षात काय झाले? २१ सप्टेंबरपासून फिलाडेल्फिया ओळीने दहा सामने हरले. तीन सिनसिनाटीशी, चार मिलवॉकीशी, तीन सेंट लुईसशी. शेवटचे दोन त्यांनी जिंकले, पण तोवर उशीर झाला होता. फिलाडेल्फियाचे विजय ९२, सिनसिनाटीचे ९२ आणि सेंट लुईसचे ९३. जादूच्या सात गुणांपैकी पाचच जमले.

नाण्याला काय ठाऊक नसते

२०८ मध्ये एक हा आकडा खरा आहे का? तो खरा आहे, पण "प्रत्येक सामना म्हणजे नाणे" हे गृहीत धरले तर. फिलाडेल्फिया तोवर दहापैकी सहा सामने जिंकत आले होते, हे लक्षात घेतले तर संभव आणखी घटतो. सिनसिनाटीही पुढे जाऊ शकते हे धरले तर फिलाडेल्फियाला असलेला धोका वाढतो. शिवाय सामना म्हणजे नाणे नव्हेच. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरला दोन खेळींमध्ये काही दिवस विश्रांती लागते. त्या पडत्या काळात फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापकांनी आपल्या दोन उत्तम पिचरांना केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा मैदानात उतरवले, आणि त्यावर चाहते अनेक वर्षे वाद घालत राहिले. नाणे थकत नाही, माणूस थकतो.

याहून मासलेवाईक गोष्ट १९५१ ची. ऑगस्टच्या मध्याला न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ब्रुकलिन डॉजर्सच्या तेरा सामने मागे होता. त्यानंतरच्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकून त्याने बरोबरी साधली आणि ३ ऑक्टोबर रोजी जादा सामन्यांतील अखेरच्या सामन्यात बॉबी थॉमसनच्या फटक्याने बाजी मारली. चमत्कार म्हणून ही कथा पन्नास वर्षे सांगितली गेली. २००१ साली एका वर्तमानपत्राने उघड केले की आपल्या मैदानावर जायंट्सची माणसे दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा पाहून आपल्या फलंदाजांना कळवत असत. त्यामुळे किती सामने फिरले हे कोणी सांगू शकत नाही. पण नाणे दोन्ही बाजूंनी सारखे आहे असे गृहीत धरून केलेल्या कोणत्याही हिशेबात ही दुर्बीण नव्हती, हे नक्की.

म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत जातीचा फरक आहे. डेट्रॉईट बाद झाले, या विधानाला ना दुर्बीण धक्का लावू शकते, ना थकलेला पिचर. २०८ मध्ये एक, या विधानाला मात्र "जर" चिकटलेला आहे. तो "जर" उच्चारायला मुलांना शिकवणे, हे संभाव्यतेच्या पाठातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे आम्हांला वाटते. मतमोजणीच्या रात्री हाच भेद कामी येतो. उमेदवाराची आघाडी न मोजलेल्या मतांपेक्षा जास्त असेल तर निकाल सिद्ध झाला. त्याआधी जे काही सांगितले जाते तो अंदाज असतो, आणि त्यामागची गृहीते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वर्गात करून पाहा

१. व्हॉलीबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही, म्हणून ते उदाहरण घेऊ. शाळांच्या स्पर्धेत अ, ब, क या संघांचे ७, ६ आणि ५ विजय झाले आहेत. आपला ड संघ सर्व सामने जिंकून जास्तीत जास्त ८ वर पोचू शकतो. बरोबरी चालेल. पुढील तीन परिस्थितींत ड ला पहिले येण्याची संधी आहे का?

(क) शिल्लक सामने : अ-ब २, ब-क २, अ-क ३.
(ख) शिल्लक सामने : अ-ब २, ब-क २, अ-क २.
(ग) शिल्लक सामने : अ-ब ४, ब-क १, अ-क १.

बादल्यांतील जागा १, २ आणि ३, म्हणजे एकूण ६. पहिल्यात विजय ७, म्हणून संधी नाही. दुसऱ्यात ६ आहेत आणि ते बसवता येतात, कसे ते मुलांना शोधू द्या. तिसऱ्यातही ६ च आहेत, पण ते बसत नाहीत. का, हे मुलांनी एकमेकांना समजावून सांगितले पाहिजे.

२. प्रत्येक मुलाला २२ खडे द्या, त्यांतील तीन रंगवलेले. खड्यांच्या एका बाजूवर खूण करा आणि सगळे एकदम फेका. खूण वर आली तर साध्या खड्याला एक गुण, रंगीत खड्याला दोन. पन्नास मुलांनी चार-चार वेळा फेकले की दोनशे फेकी होतील. पाच किंवा कमी गुण किती वेळा आले? कधी एकदा येतील, कधी एकदाही नाही, कधी दोन-तीनदा. ज्याच्या हातून ते आले, त्या मुलाचा चेहरा पाहा. सेंट लुईसच्या चाहत्यांचा तो चेहरा आहे.

शेवटी, आशेचे काय?

३० ऑगस्ट १९९६ नंतर न्यूयॉर्कने ९२ विजयांनिशी विभाग जिंकला आणि पुढे त्या वर्षीचे विजेतेपदही मिळवले. डेट्रॉईटने उरलेल्या सत्तावीसपैकी फक्त चार सामने जिंकले आणि १०९ पराभवांसह मोसम संपवला. तरीही त्या सत्तावीसपैकी डेट्रॉईटमध्ये झालेल्या सामन्यांना प्रेक्षक आलेच. चाहते केवळ पहिल्या क्रमांकासाठी मैदानावर येत नाहीत, आणि त्यांनी येऊ नये असे सांगणे हे गणिताचे काम नाही.

गणिताचे काम एवढेच की आशा कोठे सिद्धतेला भिडते आणि कोठे तिला अजून जागा आहे, ती सीमारेषा दाखवणे. पुढच्या वेळी मधल्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर असा हिशेब चाललेला दिसला तर ती वही मिटायला सांगू नका. क्षणभर शेजारी बसा आणि विचारा, "हे होऊ शकते असे म्हणतोस, की होईल असे म्हणतोस?" गणिताचा तास तिथूनच सुरू होईल.